जावेचा डबा

चैत्र संपत आलेला, साल १९६६. जागा: अमडापूर, धाकट्या जावेचं अंगण. हजर: धाकटी जाऊ, तिची सून, समोरच्या काकू, शेजारची मास्तरीणबाई आणि मी. काम: वर्षाचे सरगुंडे.

सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, अलगद सोडवायची, बाजेवर वाळवायची आणि आमरसाच्या दिवसांत उकडून खायची. सासूबाई गेल्यापासून गल्लीत हे काम मीच लावत आले. कणीक कोण भिजवणार, काड्या कोण आणणार, बाजा कुणाच्या, सगळं आधी ठरवून.

त्या वर्षी पोचले तर कणीक मुरून तयार, काड्या वाटून झालेल्या. माझ्यासाठी भिंतीशी पाट, पाठीला उशी आणि एक लांब काठी.

"तुमी फक्त कावळे हाका, बाई," जाऊ म्हणाली.

"काऊन? मले काय झालं?"

सून कणकेत पाहू लागली. शेवटी काकू म्हणाल्या, "आता लपवून काय करतं, माय? ते कंपवाताचं आमाले समजलं. वाढतच जाते म्हणे. बस निवांत. कावळ्याइले तरी तुया धाक राहीन."

सगळ्या हसल्या. मीही हसले, मग जावेकडे पाहिलं.

माझं दुखणं तिलाच माहीत होतं. बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे मी तिलाच सोबत नेलं होतं. तपासताना ती माझ्या शेजारी उभी होती. परतताना एस.टी.त माझा हात पदराखाली झाकून म्हणाली होती, "कोनाले नाई सांगत. लेकराची आन."

सांगितलं, हे एक वेळ गिळलं असतं. गावात खोकलाही लपत नाही. पण डॉक्टर दोन गोष्टी बोलले होते. दुखणं हळूहळू वाढेल, ही एक. दुसरी अशी की रिकामा हात जास्त थरथरतो, कामात असला की निवतो. जमेल तोवर काम सोडू नका, नाहीतर शरीराआधी मन खचेल. जावेने दोन्ही ऐकल्या. गल्लीला एकच सांगितली.

पाटावर बसल्या बसल्या माझा उजवा हात मांडीवर नाचू लागला. पोळ्या लाटताना तो कुणाला दिसला नसता. इथे काठीसकट हलत होता आणि चौघी न पाहिल्यासारखं करून पाहत होत्या. कावळे मात्र न हाकता उडत होते.

मी उठले, जावेपुढची एक काडी उचलली. तिने ती हळूच काढून घेतली.

"राहू द्या न, बाई. नव्या जावयाच्या ताटात पडतीन हे. वाकडेतिकडे झाले तं?"

मग मी थांबले नाही. घरी आले, कणीक भिजवली, ओट्यावर बसून गुंडाळायला लागले. पहिल्या वळ्या तुटल्या. पुढे हाताला लय सापडली. ऊन कलेपर्यंत बाज भरली. वेटोळी कुठे सैल, कुठे घट्ट, पण रसात सगळी सारखीच.

दरवर्षी एक डबा जावेचा असतो. सवयीने तोही भरला.

त्यानंतर दोनदा आंबे येऊन गेले. हात आता जास्त हलतो. सरगुंडे मी एकटीच करते. त्या डब्यातले जुने काढून नवे भरते, झाकण घट्ट लावते. दुसऱ्या कुणाच्या हाती तो पाठवायचा नाही. स्वतः नेऊन गल्लीच्या बायकांसमोर तिच्यापुढे ठेवायचा, आणि डॉक्टरांची दुसरी गोष्ट तिच्याच तोंडून वदवायची.

डबा अजून फळीवरच आहे.