एक लाइन, बारा स्टॉल

कॉन्फरन्स संपली की पेपर छापून येतात, फोटो छापून येतात. टेबलाखाली शिरून ज्यानं वायरी ओढल्या, त्याचं काहीच छापून येत नाही. त्याच्याकडे नुसते किस्से साठतात. आणि ते सांगताना माझं डोकं अजूनही फिरतं!

दौंडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब असिस्टंट होतो. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडे मोठी टेक्निकल कॉन्फरन्स ठरली. बारा स्टॉल, त्यांची स्पर्धा, आणि प्रत्येकाला डेमोसाठी इंटरनेट हवं. तयारीची मीटिंग दोन तास चालली. त्यातला सव्वा तास जेवणात मासवडी ठेवायची की नाही यावर गेला. उठता उठता संस्थेचे सेक्रेटरी आप्पा म्हणाले, "कोकरे, ते वायरीचं तेवढं बघून घ्या."

मी म्हटलं, "आप्पा, कॉलेजात फोनची लाइन एकच आहे. निदान तीन तरी लागतील."

"का? आमच्या घरी एका फोनवर नऊ माणसं बोलत्यात!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला.

*

चौकटीच्या कागदावर नकाशा काढून, फूटपट्टीनं मोजून मी प्रत्येक स्टॉलची केबल कापली होती. दोन दिवस घातले त्यात. आदल्या दिवशी सकाळी बघतो तर निळ्या केबलचं भेंडोळं गायब! वर पाहिलं. मंडपाचा पुढचा पडदा माझ्या केबलनं बांधलेला!

"मामा, अहो ही नेटवर्कची केबल आहे!" मी मंडपवाल्या दत्तूमामांवर ओरडलो.

"आसंल की. पर लई चिवट हाय बघा. आजून हाय का?"

*

बारा केबली जिथं एकत्र येतात त्या डबीला हब म्हणतात. पडद्यावरून सोडवता आल्या तेवढ्या केबली घेऊन दुपारी मी तो जोडला, दिवे लागले, जरा बरं वाटलं. जेवून आलो तर सगळं बंद! आमचे शिपाई काशिनाथ यांनी हबचा प्लग काढून तिथं चहाची इलेक्ट्रिक किटली लावली होती.

"काशिनाथ, हे काय केलंत?"

"नुसतंच दिवं लुकलुकत हुतं सायेब. म्हणलं, शोभंचं आसंल!"

*

संध्याकाळी टेस्टिंगला बसलो तर फोनच्या लाइनवरून नेट आणणाऱ्या मोडेमवर लाल मखमली कापड, आणि शेजारी आप्पा खुर्ची टाकून पहाऱ्याला.

"उद्या पाव्हण्यांच्या हातनं चालू व्हायचं हाय. आधी कुणी हात लावायचा न्हाई."

"आप्पा, टेस्टिंग नको का? अहो, नवरीसुद्धा लग्नाआधी बघतात!"

"बघत्यात. नांदवत न्हाईत."



*

आता ज्याच्यासाठी एवढा जीव आटवला ते सांगतो. आमच्या कॉम्प्युटरच्या शेख मॅडम चार वर्षं टेंपररी होत्या. दर जूनला नवी ऑर्डर, दर जूनला तीच धाकधूक. आप्पा सगळ्यांसमोर बोलून बसले होते, "पैला नंबर आणा, कायम करतो." मॅडमनी न्हावऱ्याच्या डेअरीसाठी प्रोग्राम लिहिला होता. तिथं दुधाची फॅट मोजायची, आकडा टाकायचा, की तो इथं पडद्यावर. न्हावऱ्यात त्यांचा भाऊ सकाळपासून डेअरीच्या कॉम्प्युटरसमोर बसून होता.

पाहुणे दीड तास उशिरा आले. कापड ओढलं, बटण दाबलं, टाळ्या पडल्या. आणि खरं सांगतो, नेट लागलं! परीक्षक मॅडमच्या स्टॉलवर आले. पहिला आकडा आला. दुसरा आला. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. आणि सगळं थांबलं.

मी पळत प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये गेलो. त्याच लाइनचा, उचलला की नेट तोडणारा फोन तिथं होता, आणि पाहुणे त्यावर घरी बोलत होते. "अगं, इंटरनेट चालू केलं आत्ता, माझ्या हातानं! ... न्हाई, चपात्या नको, भाकरीच टाक." मी हात जोडले. त्यांनी हातानंच खूण केली, बस बस, चहा घे.

परत आलो तोवर परीक्षक शेजारच्या स्टॉलवर होते. तिथं पुण्याहून आलेला एक टायवाला कुरकुंभच्या कारखान्यातल्या बॉयलरचं तापमान दाखवत होता. "लाइव्ह, सर! या क्षणाचं!" आकडे कसे झरझर पळत होते! परीक्षक मॅडमकडे वळून म्हणाले, "बघा, लाइन तीच, पण यांचं कसं चाललंय. तयारी लागते मॅडम, तयारी!"

पाहुण्यांना रिसीव्हर खाली ठेवायला लावण्याची हिंमत माझ्यात नव्हती, याची लाज मला आजही वाटते.

पहिला नंबर टायवाल्याला. जूनमध्ये मॅडमना पुन्हा टेंपररीचीच ऑर्डर.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर तो ढाल काखेत मारून माझ्याकडे आला. फार नम्र माणूस.

"कोकरेसाहेब, रागावू नका, पण सकाळपासून विचारीन म्हणतोय. आमच्या स्टॉलची केबल कधी जोडणार?"