साडेपाच फुटी पलंग

सॅम्पल फ्लॅटमधला पलंग कधीच पुऱ्या मापाचा नसतो. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. मिस्त्रीला ठाऊक होतं, कारण तो पलंग तोच बनवायचा. पुरा पलंग सव्वासहा फुटांचा, सॅम्पलमधला साडेपाच. वर जाड गादी टाकायची, चार उशा रचायच्या, की बघणाऱ्याला वाटतं, काय ऐसपैस खोली आहे हो. कपाट इतकं उथळ की त्यात हँगर आडवा मावू नये. आणि दारं तर लावायचीच नाहीत. दार उघडायला जागा लागते, आणि ती जागा डोळ्यांना दिसली की गिऱ्हाईक विचार करायला लागतं. गिऱ्हाइकाने विचार करावा म्हणून कोणी सॅम्पल फ्लॅट बांधत नाही.

बावीस वर्षं हेच काम. बिल्डर लोक त्याला सॅम्पल मिस्त्री म्हणत, आणि त्याचा हात खरोखरच चांगला होता. असा साडेपाच फुटी पलंग करायचा की त्यावर बसलेल्या माणसालाही शंका येऊ नये. असला एक पलंग त्याच्या स्वतःच्या घरीही होता. एका सॅम्पलची मोडतोड झाली तेव्हा फुकट मिळाला होता. "आपलं घर होईपर्यंत चालवून घेऊ," असं म्हणून आणला, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. बायको ठेंगणी, तिला तो पुरायचा. मिस्त्री उंच. तो अकरा वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपत होता.

घर भाड्याचं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अडुसष्ट पायऱ्या. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसभर उभ्याने चादरी करायच्या आणि संध्याकाळी त्या अडुसष्ट पायऱ्या चढायच्या. तिचं म्हणणं एवढंच होतं की लिफ्टचं घर घ्या. मिस्त्री कुठे नाही म्हणत होता? तो फक्त थांब म्हणत होता.

दर रविवारी दोघं सॅम्पल फ्लॅट बघायला जायचे. मिस्त्री खिशात टेप घेऊन जायचा. भिंतीवर बोटाने टकटक करायचा आणि बायकोच्या कानाशी लागायचा, "प्लायवूडची आहे. खरी भिंत आली की इथले सहा इंच गेले म्हणून समज." कुठला पलंग किती कापलाय, हे तो उंबऱ्यातूनच सांगायचा. बायको आधी आधी हसायची. मग नुसती हूं म्हणायला लागली. पुढे पुढे तर ती आत गेल्या गेल्या पहिली खुर्ची धरून बसायची, तिथली मुलगी देईल ते पाणी प्यायची आणि नवऱ्याचं मापून होण्याची वाट बघायची. त्या काळात तिने इतकी घरं बसून बघितली, की तिला घरांपेक्षा खुर्च्याच जास्त आठवत असतील.

एक घर मात्र तिने उभ्याने बघितलं होतं. सहा वर्षांपूर्वीचं. ते सॅम्पल नव्हतं, इमारत बांधून तयार होती, लिफ्ट चालू होती आणि वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट दाखवायला सजवला होता. स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती आणि खिडकीबाहेर एक झाड. बायको तिथे ओट्याला हात टेकून उभी राहिली, ती राहिलीच. मिस्त्रीने खिडकी मापली. साडेचार फूट रुंद, कुठे खोट नाही.

"हे घेऊ या," ती म्हणाली.

"सहा महिने थांब," मिस्त्री म्हणाला. "मला आतली गोष्ट कळलीय."

आतली गोष्ट म्हणजे त्याच्या धंद्यातली खूण. बिल्डरने आधीचा सॅम्पल मोडून नवा करायला सांगितला, की समजायचं घरं खपत नाहीत. खपत नाहीत म्हणजे भाव उतरणार. आणि त्याच बिल्डरने आठवड्यापूर्वी मिस्त्रीला बोलावून सांगितलं होतं, की खालच्या मजल्यावर नवा सॅम्पल करून दे, जरा जीव ओतून कर. आता याच्याइतकी पक्की खबर आणखी कोणाकडे असणार? शेअरबाजारवाल्यांच्या बापाकडे नसेल. मिस्त्री खूश. त्याने खरंच जीव ओतून काम केलं. पलंग पाच फूट चार इंचांचा केला, त्याच्या मागे आरसा बसवला, दिवे असे लावले की खोली दुप्पट वाटावी.

चार महिन्यांत सगळी घरं विकली गेली. लोक तो नवा सॅम्पल बघायला यायचे आणि तिथल्या तिथे बुक करायचे.

बायकोने एकदा फक्त विचारलं, "आरसा तुम्हीच लावला होता ना?" आणि भाजी चिरायला बसली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही, आणि रविवारच्या फेऱ्याही थांबल्या नाहीत.

मग या वर्षी एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण धापा टाकत वर आली. म्हणाली, "तुमची मंडळी जिन्यात बसलीय. पाऊण तास झाला. उठवत नाहीये तिला." मिस्त्री खाली धावला. बायको पायरीवर बसली होती, डबा मांडीवर, चेहरा शांत. त्याने तिला धरून एकेक पायरी वर आणलं. पलंगावर बसल्यावर ती म्हणाली, "आता मी खाली उतरले की वर येणार नाही, आणि वर राहिले की खाली जाणार नाही. गुडघे गेलेत, डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय. दोन महिन्यांपूर्वीच सांगितलाय."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही थांब म्हणाला असता."

त्या रविवारी मिस्त्री पहिल्यांदाच एकटा गेला. मनाशी ठरवून गेला होता, आज काय वाटेल ते होवो, घ्यायचंच. सॅम्पल त्याच्याच हातचा होता, मागच्या महिन्यात केलेला. आत एक तरुण जोडपं फिरत होतं. नवरा पलंगावर आडवा झाला. पाय बाहेर लोंबत होते तरी म्हणाला, "मस्त मोठा आहे." त्याच्या बायकोला मात्र धीर होत नव्हता. तिने मिस्त्रीला दुसरं गिऱ्हाईक समजून विचारलं, "काका, आत्ता घ्यावं, की थोडं थांबावं? भाव उतरतील म्हणतात."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. "तुमचे गुडघे कसे आहेत?" त्याने विचारलं.

ती हसली. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

मिस्त्री टेबलापाशी गेला. कागद पुढे आले, पेन पुढे आलं. त्याने विचारलं, "राहायला कधी येता येईल?" टेबलामागची मुलगी म्हणाली, "काम वेळेवर झालं तर अडीच वर्षांत." मिस्त्रीने पेन खाली ठेवलं. बावीस वर्षं ज्या इमारती अजून उभ्याही नाहीत त्यांची घरं तो सजवत आला होता, आणि आज नेमकी हीच गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली होती.

घरी येऊन त्याने सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अडीच वर्षं मी काय खिडकीतून पिशवी सोडू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "घराचं राहू द्या हो. मला आधी खाली उतरवा. तळमजल्यावर एखादी खोली बघा, भाड्याची असली तरी चालेल."

भाड्याची खोली. अकरा वर्षांत हे मिस्त्रीच्या मनातही आलं नव्हतं. भाड्यातून सुटायचं होतं ना, मग पुन्हा भाड्यात कसं जायचं? त्याला स्वतःची लाज वाटली.

मिस्त्रीच्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली. दारात एकच पायरी. मिस्त्री आणि त्याचे दोन कारागीर, तिघांनी बायकोला खुर्चीत बसवून अडुसष्ट पायऱ्या उतरवल्या. प्रत्येक वळणावर ती म्हणायची, "दमलात तर टेका," आणि ते टेकायचे.

पुढच्या रविवारी सकाळी ती केस विंचरून तयार होऊन बसली. मिस्त्री म्हणाला, "आता कुठे?"

"ते झाडाचं घर बघून येऊ. बाहेरून."

दोघं रिक्षाने गेले. समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत कोणाचे तरी टॉवेल वाळत होते. झाड आता खिडकीच्या वर गेलं होतं. बायको काठीवर भार देऊन बघत राहिली. मिस्त्रीला ते बघवेना. म्हणाला, "खिडकी तशी लहानच होती."

"साडेचार फूट," ती म्हणाली. "तुम्हीच मापली होती."

रस्त्याने गाड्या जात होत्या. त्या थोड्या थांबेपर्यंत मिस्त्री थांबला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. तिने ते खोडून काढलं नाही, की काही वाढवलंही नाही. पदराने नाक पुसलं आणि रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाली, "घरी गेल्यावर पहिलं काम, तो पलंग मोठा करा. अकरा वर्षं झोपेत तुमचे गुडघे टोचतायत मला."

मिस्त्रीने त्याच दुपारी पलंगाचे स्क्रू सोडवले आणि नऊ इंच वाढवला.