गाडीमागचा गोळा

आमच्या गाडीला मागे एक लोखंडी गोळा आहे. मोठ्या लिंबाएवढा, बंपरच्या खालून वीतभर बाहेर आलेला. तो लावल्यापासून भांडुपच्या आमच्या सोसायटीत एकाही माणसाची नडगी शाबूत राहिलेली नाही, आणि प्रत्येक नडगीची तक्रार माझ्याकडे आलेली आहे. अहो, बघून चाला ना! गाडी जिथे उभी असते तिथेच उभी आहे, ती काय तुमच्या अंगावर येते? शेवटी मी एक जुना टेनिसचा चेंडू अर्धा कापून त्या गोळ्यावर टोपीसारखा बसवला. तोही पळवला कुणीतरी.

हे सगळं लचांड माझ्या भावापायी. धाकटा, पन्नाशीचा. मरोळच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळलं त्याने, आणि एके दिवशी कारखानाच बंद झाला. पन्नाशीच्या माणसाला कोण घेतंय कामावर? त्याची बायको मालवणकडची, हाताला चव आहे तिच्या. दोघांनी होतं नव्हतं ते घालून जेवणाचा एक ट्रेलर बनवून घेतला. दोन चाकं, आत शेगडी, एका बाजूला उघडणारी फळी. मरोळमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याने कंपाउंडमध्ये उभं राहायला दिलं, पण फक्त दुपारपुरतं. संध्याकाळी तिथे टेम्पो लागतात. म्हणजे ट्रेलर रोज सकाळी न्यायचा आणि रोज चार वाजता आमच्या सोसायटीत परत आणायचा. "नाही चाललं तर इथली खोली विकतो आणि गावाला जातो," भाऊ म्हणाला. गावाला त्याचं काय आहे? वाट्याची एक खोली आणि चुलतभावाशी चाललेलं भांडण, बस्स.

आता ओढणार कोण? भावाने जन्मात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. माझ्या नवऱ्याने गणपतीला गावी जायला म्हणून ही धूड गाडी घेतलेली, पण तो सकाळी सातला कामावर. शाळेतून निवृत्त झालेली, रिकामी कोण? मी! तेहतीस वर्षं पोरांवर ओरडून घसा बसला, म्हटलं आता जरा आराम करीन. कसला आराम.

हूक बसवण्यापासूनच डोक्याला ताप. घाटकोपरला एक जण भेटला, त्याने गाडीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "हो जायेगा मॅडम," म्हणाला आणि तासाभरात बंपरच्या पट्टीलाच गोळा वेल्डिंग करून मोकळा झाला. मला काय कळतंय? दुसऱ्या दिवशी रिकामा ट्रेलर जोडून सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर ओलांडला तर बंपर एका अंगाने खाली आला. गाडी तोंड वाकडं करून उभी. वॉचमन म्हणतो, "ताई, हे असंच असतं का?" मी कपाळावर हात मारला.

मग भाऊच मरोळच्या एका म्हाताऱ्या फिटरला घेऊन आला. तो गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच हसायला लागला. "बंपर नुसता शोभेचा असतो मॅडम, वजन चासी घेते, गाडीचा खालचा सांगाडा." त्याने जाड पट्ट्या कापल्या, चासीला बोल्ट मारले, त्यावर गोळा बसवला आणि मला समोर उभं करून शाळेतल्या पोरीसारखं पाठ करून घेतलं. महिन्याला बोल्ट तपासायचे. गोळ्याला ग्रीस लावायचं, पण माती बसली तर पुसून नवीन लावायचं. ट्रेलरच्या दांड्याला पुढे एक वाटी असते, ती गोळ्यावर बसवली की खटका 'खट्' वाजला पाहिजे. नाही वाजला तर गाडी हलवायची नाही. आणि दोन साखळ्या. वाटी चुकून निसटली तरी साखळ्या ट्रेलरला धरून ठेवतात. "साखळी लावल्याशिवाय स्टार्टरला हात नाही लावायचा," तो म्हणाला. मी म्हटलं, कळलं हो, शिक्षिका आहे मी.

वापरायला लागल्यावर कळलं की हे काय प्रकरण आहे. रिव्हर्स घेताना गाडी डावीकडे वळवली की ट्रेलर उजवीकडे जातो. त्यात आमच्या गाडीला मागे सेन्सर. त्याला ट्रेलर म्हणजे भिंत वाटते, तो केकाटतच राहतो. वॉचमन एका बाजूने "येऊ द्या, येऊ द्या," दुसऱ्या बाजूने भाऊ "थांब, थांब गं ताई!" आणि वरच्या गॅलऱ्यांतून फुकटचे सल्ले. ट्रेलरच्या दिव्यांची वायर पहिले चार दिवस उलटी जोडलेली होती. मी डावीकडचा इंडिकेटर दिला की ट्रेलर उजवीकडे डोळा मारायचा. मरोळला पोचेपर्यंत मला निम्म्या अंधेरीने शिव्या घातल्या असतील.

आणि रोज सकाळी पूजा! भावजय ट्रेलर जोडायच्या आधी त्या गोळ्याला हळदकुंकू लावायची, वर चार अक्षता आणि एक जास्वंद ठेवायची. शेगडीला नाही, पातेल्याला नाही, गोळ्याला. "आपला सगळा भार तोच घेता ना, ताई," म्हणायची. अगं पण गोळ्याला ग्रीस आहे! कुंकू, तांदूळ, ग्रीस, सगळ्याचा मिळून लगदा व्हायचा आणि तो वाटीत जाऊन बसायचा. खटका वाजेना. मग मी फडकं घेऊन पुसायची, पुन्हा वाटी बसवायची, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "बाजूला वाहा ना फूल! बंपरवर वाहा! उद्या असं केलंस तर गाडी मिळायची नाही, सांगून ठेवते." ती मान खाली घालून हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी फूल पुन्हा गोळ्यावर.

धंदा मात्र जमत होता. आठवड्याभरात वर्कशॉपची पोरं येऊ लागली, मग आजूबाजूच्या ऑफिसातली. तीन महिन्यांत बांगड्याचं तिखलं दोन वाजताच संपायला लागलं. भावाच्या चेहऱ्यावर जरा रया आली. खोली विकायची भाषा थांबली होती, बंद मात्र झाली नव्हती.

त्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. फूल, अक्षता, लगदा. त्यात मला उशीर झालेला, नवऱ्याशी वाजलेलं, भावाने पाण्याचा कॅन माझ्या पायावर ठेवलेला. मी नको नको ते बोलले. "कंटाळा आलाय मला तुमच्या संसाराचा! उद्यापासून दुसरी सोय बघा!" गोळा पुसला, म्हणजे पुसल्यासारखं केलं. वाटी आपटली. खट् वाजलं का? वाजलं असं मी धरलं. आणि साखळ्या न लावताच गाडीत बसले. विसरले म्हणणंही खरं नाही. खाली वाकायचा कंटाळा आला मला, आणि राग इतका होता की एक दिवस नाही लावल्या तर काय आभाळ कोसळणार आहे, असं मनात आलेलं स्पष्ट आठवतंय.

पवईच्या चढावर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि एकदम हलकी झाली. आरशात बघते तर ट्रेलर मागे मागे चाललेला. मागच्या रिक्षावाल्याने कशीबशी रिक्षा बाजूला काढली, देवासारखा माणूस. ट्रेलर तिरका होत दुभाजकाला जाऊन आपटला आणि कलंडला. माणूस कुणी जखमी झालं नाही, पण एक चाक आडवं, दांडा वाकडा, फळी उखडलेली. सोलकढी रस्त्याच्या उतारावरून वाहत चाललेली. भाऊ गाडीतून उतरून धावत गेला आणि त्या कलंडलेल्या ट्रेलरला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. आता तो कुठे जाणार होता? पण भाऊ धरूनच उभा होता.

तिथेच एका मेकॅनिकने वाटीत बोट घातलं आणि चेंगरलेली जास्वंद बाहेर काढली. मग काय! हवालदार म्हणाला, रिक्षावाला म्हणाला, जमलेल्या दहा जणांनी म्हटलं: फुलामुळे झालं. सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं. "तीन महिने घसा फोडून सांगतेय हिला!" भावाने आयुष्यात पहिल्यांदा बायकोला चारचौघांत झापलं. ती रस्त्यावरचे डबे एकेक उचलून ओढणीने पुसत राहिली.

ट्रेलर दुरुस्त व्हायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात भाऊ दोनदा एका एजंटला खोली दाखवून आला. म्हाताऱ्या फिटरने नवीन वाटी बसवली आणि जाता जाता साखळ्या हातात घेऊन बघितल्या. "ह्यांना ओरखडासुद्धा नाही मॅडम," एवढंच बोलला. मी मोबाईलमध्ये बघत बसले. लाज वाटली.

ट्रेलर पुन्हा सुरू झाला. गिऱ्हाईक परत आलं. भावजयीने गोळ्याला हळदकुंकू लावणं बंद केलं होतं. ती सकाळी चार हात लांब उभी राहायची, मी जोडून झाल्यावर डबे चढवायची. मला ते बघवेना. मी आता ओरडतही नव्हते, तरी ती लांबच.

शेवटी एके दिवशी मरोळला गिऱ्हाईक आटोपल्यावर आम्ही दोघी फळीपाशी कांदे सोलत होतो, भाऊ पाणी आणायला गेलेला. मी म्हटलं, "ऐक गं. त्या दिवशी साखळ्या मी लावल्या नव्हत्या. त्या असत्या तर वाटीत फूल असतं तरी ट्रेलर लोंबत राहिला असता, पळाला नसता. चूक माझी होती." एका दमात बोलून टाकलं. वाटलं आता रडेल, नाहीतर भांडेल. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तिने हातातला कांदा सोलून पुरा केला. "माका ठावक होता," म्हणाली. "लोंबत होत्या त्या. मी डबे चढवताना बघितल्या."

"अगं मग बोलली का नाहीस? तेव्हाच बोलायचं ना! निदान नंतर तरी!"

"तुम्ही रागात होतात. मी काय बोलले असते तर तुम्ही गाडी बंद केली असती. मग ह्यांनी खोली विकली असती." सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मी म्हणणार होते, असं कसं, मी काय खरंच गाडी बंद करणार होते का? ती माझी बोलायची पद्धत आहे! पण रोज सकाळी ते बोलून संध्याकाळी परत आल्यावर मी चावी पर्समध्ये टाकायची, वर जाऊन चहा प्यायची आणि विसरून जायची. आणि ही दोघं खाली ट्रेलरपाशी उभी राहून, उद्या गाडी आली नाही तर काय करायचं, ते ठरवत असायची.