सरांनी वाचून दाखवलेलं वजन

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या कॉलेजात व्यायामाचे नवे सर आले. त्याआधी व्यायाम म्हणजे सकाळी सहाला मैदानावर रांगेत उभं राहणं, आणि आम्ही मुली ते चुकवायचे बहाणे शोधायचो. सरांनी रांगच मोडली. "जमेल तेव्हा करा, जमेल तेवढं करा," ते म्हणाले. कुणी रिकाम्या तासाला दोरीवर उड्या माराव्यात, कुणी सायकल घरी ठेवून चालत यावं, जिच्या मागे घरकाम असेल तिनं घरीच बैठका काढाव्यात. फक्त प्रत्येकीनं वही ठेवायची आणि महिन्यातून एकदा त्यांच्या खोलीत वजन करून घ्यायचं. वही तुम्ही आणि मी, तिसरं कुणी बघणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

वर्गात सगळ्यात जाड मी होते. काट्यावर चढायची इतकी लाज वाटे की पहिल्या महिन्यात मी गेलेच नाही. सरांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत. घरात कुणाला काही आजार आहे का, एवढंच विचारलं.

मी सांगून टाकलं. बाबांना साखरेचा आजार होता. आजोबा त्यातच गेले, आत्याचा पाय त्यातच कापावा लागला. घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईसाठी स्थळं बघणं चालू होतं आणि आई बजावायची, "रक्तातला रोग आहे म्हणून समजलं तं कोणी दारात उभं नाही राहणार." कुणाला संशय येऊ नये म्हणून बाबा लग्नाच्या पंगतीत मुकाट्यानं जिलबी खायचे आणि घरी येऊन दोन दिवस पडून राहायचे.

सरांनी सगळं माझ्या वहीत लिहिलं. म्हणाले, "घराण्यात असला म्हणजे तो तुला होईलच असं नाही. बरंच आपल्या हातात असतं."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी चालायला लागले. नंदनवनमधल्या आमच्या घरापासून कॉलेजपर्यंत, भर उन्हाळ्यातही, डोक्याला ओढणी गुंडाळून. संध्याकाळी गच्चीवर बैठका. सणावाराची पुरणपोळी एकीवर आणली. दर महिन्याला काटा थोडा मागे सरकायचा आणि सर माझ्याइतकेच खूश व्हायचे. बाबांशी बोलायला जे जमत नसे, ते मी सरांशी बोलायचे.

वर्षाच्या शेवटी स्नेहसंमेलन झालं. पाहुणे म्हणून एक मोठे डॉक्टर आले होते. सर आपल्या उपक्रमाबद्दल बोलायला उठले तेव्हा त्यांच्या हातात तपासायला घेतलेली माझी वही होती. निळ्या पुठ्ठ्यावरून मी ती लांबूनच ओळखली.

"नाव सांगत नाही," ते म्हणाले, आणि माझं आधीचं वजन वाचलं. मागच्या बाकांवर हशा पिकला. मग आताचं वाचलं. मग आजोबा, आत्याचा पाय, बाबा. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात त्यांनी माझ्याकडे बघून हात केला, "ऊठ बेटा, उभी राहा."

मी उभी राहिले. ताईला ज्या घरी पसंत केलं होतं, त्या घरची मुलगी दोन रांगा पुढे बसली होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली.

पाचव्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. ती महिन्यापूर्वीच जुळली होती.

"तू सांगितलं?" ताईनं विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ती उठून आत गेली आणि कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. आई म्हणाली, "काहून सांगितलं वं? परक्या माणसाले?"

सर घरी आले. दारातच म्हणाले, "मला वाटलं, बाकीच्या मुलींना धीर येईल."

"आला असंन," बाबा म्हणाले. "तुम्ही खोटं तं नाही बोलले. पण पोरीनं ते तुम्हाले सांगितलं होतं, सर. हॉलले नाही."

सर चहा न घेताच गेले.

मग लपवायला काही उरलंच नाही. बाबा पंगतीत जिलबीला नको म्हणू लागले, सकाळी उघडपणे फिरायला जाऊ लागले. दोन वर्षांनी सगळं आधी सांगूनच ताईचं लग्न झालं. नातेवाईक म्हणत, मास्तरानं उपकारच केले तुमच्यावर. असतीलही. व्यायाम मी सोडला नाही आणि तो आजार मला आजवर झालेला नाही. पण सरांच्या त्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि आपल्या पोटातलं कुणाला सांगायचं म्हटलं की अजून माझी जीभ अडते.

बऱ्याच वर्षांनी सर मला सीताबर्डीच्या बाजारात भेटले. केस पिकले होते. थांबून, हसून म्हणाले, "ओळखलंस का?"

"नाही," मी म्हटलं, आणि चालू लागले.