भरलेला पेला

बाप्तिस्म्याला मी घाबरलो नव्हतो. माझी भीती त्यानंतरच्या रविवारची होती, पहिल्या प्रभुभोजनाची. येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा खायचा आणि एवढ्याशा पेल्यातून द्राक्षारस प्यायचा, असं मला शिकवलं होतं.  साहेब, त्यात दारू नसते ना, असं मी चर्चच्या पाळकसाहेबांना पुन्हा पुन्हा विचारलं. काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून त्यांची बायको घरीच रस करते, हे त्यांनी दरवेळी शांतपणे सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता लेखी देऊ का?"

मी वाशिमकडचा. आठवीत शाळा सोडली, फिरत फिरत पुण्यात आलो आणि कर्वेनगरला एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागलो. दारू लागण्याची गोष्ट सगळ्यांची सारखीच असते, ती राहू दे. सुटली ती लोणी काळभोरच्या पुढे, आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं चालवतात त्या व्यसनमुक्ती केंद्रात. सुरुवातीला माझे हात इतके थरथरायचे की ताटातलं वरण तोंडापर्यंत पोचायचं नाही. तिथे येणारे एक निवृत्त शिक्षक शेजारी बसून मला भरवायचे. चौथीतली पोरं याहून कमी सांडतात, म्हणायचे, आणि पुढचा चमचा तयार ठेवायचे. प्रार्थनाही त्यांनीच शिकवली. येशूने मला धरलं असं मी म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे सरांचा हात येतो.

त्या रविवारी मी सरांच्याच शेजारी बसलो होतो. भाकर खाऊन झाली. मग पेल्यांचा ट्रे फिरत आला. आमच्याकडे पद्धत अशी की पेला घेतला की हातात धरून बसायचं. ट्रे शेवटच्या बाकापर्यंत पोचला की पाळकसाहेब सांगतात आणि सगळे एकदम पितात.

मी पेला उचलला आणि तो नाकाजवळ येण्याआधीच मला कळलं. रस आंबला होता. वरून मनुकांचा गोड वास आणि त्याखाली तो दुसरा, मी झोपेतसुद्धा ओळखेन असा.

तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगू? ट्रे मागे मागे जात होता आणि माझं डोकं वकिली करायला लागलं होतं. एवढासा तर आहे. देवाच्याच टेबलावरून आलाय. नाही घेतलास तर लोक म्हणतील, कालच बाप्तिस्म्याच्या पाण्यातून निघाला आणि आज मनात पाप ठेवून बसलाय. सगळं पटत होतं. आजवर पिताना मला कधी न पटणारं कारण सापडलंच नव्हतं. मी मनात एवढंच म्हणालो, प्रभू, हा पेला तुझा असला तरी मला झेपणार नाही.

पाळकसाहेबांनी सांगितलं. सगळ्यांनी पेले ओठांना लावले. मी माझा, काठोकाठ भरलेला, पुढच्या बाकामागच्या फळीवर ठेवला. हात थरथरला नाही. थेंबही सांडला नाही.

सरांनी तिरक्या नजरेने पाहिलं. "तो शोभेला नसतो."

"सर, याची दारू झालीय," मी कुजबुजलो.

त्यांनी आपला रिकामा पेला हुंगला.  मग म्हणाले, "मला वाटलं, या खेपेला ताईंना जरा बरा जमलाय."

ताई म्हणजे पाळकसाहेबांची बायको. उपासना संपल्यावर सर मला थेट तिच्याकडे घेऊन गेले. रस तिने गुरुवारीच करून सभागृहाच्या फ्रीजमध्ये ठेवला होता. मधे तरुणांच्या सभेला कुणीतरी फ्रीजचा प्लग काढून तिथे स्पीकर लावला, आणि तो तसाच राहिला. एप्रिलचं ऊन, दुसरं काय होणार? तिचा चेहरा पडला. माझा हात धरून ती सारखी एकच म्हणत होती, तुला काही झालं असतं तर? मी म्हटलं, ताई, झालं नाही ना. हे बोलताना मलाच ते नीट ऐकू आलं. झालं नव्हतं.

मागच्या स्वयंपाकघरात डब्यात मनुका उरल्या होत्या. पातेलं मीच चढवलं, मेसमुळे चुलीशी माझं रोजचंच काम. रस निवल्यावर पाळकसाहेबांनी तिथेच ओट्यापाशी प्रार्थना केली आणि मला पेला दिला. नुसत्या मनुका, थोड्या करपलेल्या. मी तो एका घोटात प्यायलो. चहाला थांबलेली पाच-सहा माणसं दारात उभी होती. त्यांनी गाणं सुरू केलं आणि मी, ज्याला सूर कशाशी खातात माहीत नाही, सगळ्यांत मोठ्याने गायलो.

दुपारी गावी आईला फोन लावला. प्रभुभोजन वगैरे तिला समजत नाही. मी सरळ सांगितलं, पेला हातात होता आणि मी नाही घेतला.

"भरेल होता?"

"भरलेला."

"अन् तुनं ठेवून देला?"

"ठेवला, माय."

 मग फोन तसाच चालू ठेवून ती अंगणात गेली असावी, कारण शेजारच्या काकूला हाक मारून सांगताना मला ऐकू आलं, "अवं, माह्या पोरानं भरेल पेला ठेवून देला."