दाजींचा पाणबुड्याचा दाखला

आमच्या दाजींइतका वेळ श्वास रोखून धरणारा माणूस अख्ख्या राहुरी तालुक्यात झाला नाही, आणि होऊही नये. एसटी धुरळा उडवत गेली की ते श्वास रोखत, न्हाव्यापुढे बसले की रोखत, आणि माझ्या बहिणीशी, आक्काशी, वाजलं तर ती घाबरून नमतं घेईपर्यंत रोखत. एकदा शेजाऱ्यांची घागर काढायला विहिरीत उतरले, ते इतका वेळ वर येईनात की काठावरच्या बायांनी गळा काढला. दाजी घागर घेऊन वर आले आणि कोण गेलं म्हणून हळहळत चौकशी करू लागले.

असा माणूस पाणबुड्याच्या परीक्षेत गटांगळी खाईल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. सत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. मुळा धरणाचं काम उरकत आलं होतं आणि दाजींसारखी रोजंदारीवरची माणसं कमी होत होती. शिकाऊ पाणबुड्याचा दाखला मिळवील, त्याला मात्र दरवाजे तपासायला कायम ठेवणार होते. मुंबईहून आलेल्या मास्तरांनी दाजींच्या पाठीला हवेची टाकी बांधली. दाजी टाकीतून एक घोट हवा घेत आणि जुन्या सवयीनं छातीत कोंडून ठेवत. "घेतल्याली हवा लगीच भाईर सोडायची म्हंजी नासाडीच की," असं त्यांचं म्हणणं. अशी हवा कोंडून वर आलात तर फुप्फुसं फाटतील, असं मास्तरांनी बजावलं आणि दुसऱ्या दिवशीची एक शेवटची संधी दिली.

ते ऐकून आक्काच्या तोंडचं पाणी पळालं. पण तोड तिनंच काढली. "जात्यावर ओवी म्हनताना दम कुटं धरता येतो? तुमी पान्यात ओवी म्हना. तोंडात नळी आसली तरी गुनगुनता येतंय."

दुसऱ्या दिवशी दाजी पाण्याखाली गेले. बराच वेळ पाणी हललं नाही. आक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मी खंडोबाला नारळ बोलून मोकळा झालो. मग बुडबुडे आले. थांबले, पुन्हा आले, अगदी संथ लयीत. मला हुंदका फुटला, हे सांगायला लाज कसली? इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

दाखला मिळाला, नोकरी टिकली. कोणती ओवी म्हटली, असं आक्कानं विचारलं तर दाजी नुसते हसले. "तुझीच हुती," एवढंच म्हणाले, आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा आक्का मला विचारत होती, "कोन्ती म्हनली असंल रे त्यांनी?" मी काय सांगणार? मला वर नुसते बुडबुडे दिसले होते.