जलपर्णीचं विसर्जन

जितंजागतं रोप कचऱ्यात टाकायचं नाही, पाण्यात सोडायचं, ही माझ्या आईची शिकवण. निर्माल्य असो, वाळकी तुळस असो, सगळ्याला तोच न्याय. या शिकवणीच्या जोरावर मी सासरच्या गावच्या तळ्याचं वाटोळं केलं.

ठाण्यात खोपटला एसटी डेपोबाहेर एका हातगाडीवर जांभळ्या फुलांचं रोप दिसलं. मातीची कटकट नाही, पाण्यावर आपलं आपण तरंगतं. मानपाड्याला सासरच्या घरी आणून बालदीत सोडलं. पंधरा दिवसांत बालदीतलं पाणी दिसेना. मग जास्तीची रोपं हळदीकुंकू वाहून, हात जोडून तळ्यात सोडली. एकदा नाही, तीनदा. एवढ्या भक्तिभावाने जलपर्णी पसरवणारी बाई ठाणे जिल्ह्यात दुसरी नसावी.

सासऱ्यांची शेती केव्हाच इमारतींखाली गेलेली. उरला होता तो रविवारचा गळ. दिवसभर काठावर बसून बोटभर दोन मासे आणायचे आणि खाडीतला मोठा जिताडा मारल्यासारखे मिरवायचे. आमिषाला कणीक मागितली की मी कुरकुर करायचे.

पावसाळा सरेपर्यंत तळं हिरवंगार झालं. लोक फोटो काढायला येऊ लागले. खाली ऊन पोचेना, पाण्यात हवा उरेना. मासे पानांच्या फटीतून तोंडं काढून धापा टाकायचे, मग एकेक करून उलटे तरंगले. डास तेवढे मजेत होते. सासरे रविवारी गळाला अडकलेली मुळं सोडवत बसायचे. गावाने त्या इमारतींच्या बिल्डरच्या नावाने खडे फोडले. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

शेवटी गावाने साफसफाई काढली. मीही पदर खोचून उतरले आणि हात सोलून निघेपर्यंत मुळं ओढली. सासरे काठावर बसलेले. मी जवळ गेले तेव्हा हलकेच म्हणाले, "सूनबाय, तलं साफ झालं. आता घरची बालदी काढ."

मी पदराला हात पुसू लागले.

"पानांवरचं हलद-कुकू मना पयल्याच दिवशी दिसलेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बालदी घेतली ती थेट गच्चीवर नेऊन उन्हात उपडी केली.

तळ्यात आता आभाळ दिसतं, मासा अजून दिसत नाही. सासरे तरी दर रविवारी जातात. कणीक त्यांना मागावी लागत नाही. घरच्या पोळ्यांआधी मी त्यांचा गोळा मळते, वर चमचाभर तूप घालून.